दोन हात आणि शिडाची दोरी

विंडसर्फिंगच्या बोर्डावर उभ्या असलेल्या माणसाला हात दोनच असतात, आणि ते दोन्ही बूमला, म्हणजे शिडाच्या आडव्या दांडीला, धरलेले असतात. समुद्रावर उभ्याउभ्या शीड ताणण्याची यंत्रणा बनवणाऱ्यांनी सगळ्यात आधी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती. ती घेतलेली नाही, ही माझी मूळ तक्रार. पुढच्या सगळ्या तक्रारी तिच्याच पोटातल्या आहेत.

ज्यांनी हे साधन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिडाचं मागचं खालचं टोक बूमच्या शेपटाकडे एका दोरीने ओढून बांधतात. तिला आउटहॉल म्हणतात. ती ताणली की शीड सपाट होतं, सैल सोडली की शिडाला पोट येतं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना आणि जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं. वारा पाठीवर घेताना आणि मंद वाऱ्यात पोट हवं. साध्या बूमवर ही दोरी किनाऱ्यावरच पक्की करावी लागते. समुद्रात ती बदलायची तर पाण्यात उतरून, शीड आडवं टाकून, पोहत बूमच्या शेपटापर्यंत जायचं. म्हणून दुसरी सोय निघाली. शेपटाजवळ कप्प्या बसवायच्या, त्यांतून दोरी फिरवून बूमच्या कडेने पुढे हातापाशी आणायची आणि दातेरी क्लीटमध्ये अडकवायची. ओढलं की ताण, सोडलं की ढील. मोटर नाही, बॅटरी नाही. शर्यतीत मोटर चालणारही नाही, कारण नौकाशर्यतींच्या जागतिक नियमावलीतला ५२ वा नियम शिडाची आणि दोऱ्यांची सगळी हालचाल खलाशाच्या अंगबळावरच करायला सांगतो. तो नियम मला मान्य आहे. पण अंगबळावर चालवायचं साधन निदान अंगाच्या मापाचं असावं.

हे शर्यतवाल्यांचे चोचले आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये गोव्याला दोना पावलाच्या पाण्यात उतरावं. दुपारी खारा वारा धरतो आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत वाढत जातो. १० नॉटचा वारा १४ नॉट झाला तर आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. त्यात काबोच्या भूशिराच्या आडोशाला वारा तुटक मिळतो आणि आडोशातून बाहेर पडलं की सगळा एकदम अंगावर येतो. बाराच्या सुमारास किनाऱ्यावर बसून बांधलेलं शीड तीन वाजता चुकीचं ठरणारच. त्यात बांधणाऱ्याचा काही दोष नाही. ज्याला बदलता वारा मिळतो आणि ज्याच्या घरी एकच शीड आहे, अशा माणसाला या दोरीची गरज सगळ्यात जास्त. शर्यतवाल्याच्या गाडीत तीन-चार मापांची शिडं असतात. तरी साध्या बूमबरोबर ही यंत्रणा येत नाही. ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि स्वतः बसवावी लागते.

इतक्या वर्षांनी ही स्थिती असावी याचा मला राग येतो. १९६७ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेकने सगळीकडे फिरणाऱ्या सांध्यावर डोलकाठी उभी केली, दोन बाजूंनी वळसा घालणारं बूम बसवलं, आणि सुकाणूशिवाय नुसतं शीड झुकवून दिशा बदलता येते हे दाखवलं. ड्रेक विमानशास्त्रातला अभियंता होता, होयल श्वायत्झर त्याचा भागीदार. दोघांनी पुढच्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकला आरएसएक्स वर्ग होता. त्यात पुरुषांचं शीड साडेनऊ चौरस मीटरचं, आणि शर्यतीत वाऱ्याच्या तोंडावर जाताना आउटहॉल ताणायचा, वळसा घेतला की सोडायचा, हे नित्याचं काम होतं. आपल्या इबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवलं ते याच वर्गात. म्हणजे दोरी ओढून शीड सुधारतं हे आता कुणाला सिद्ध करून दाखवायचं राहिलेलं नाही. राहिलंय ते एवढंच की ती दोरी नीट चालावी.

दोरी ओढण्याबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. कप्प्यांमुळे जोर विभागला जातो, एक हात बूमवर ठेवून, अंगाचा भार कमरेच्या हार्नेसवर टाकून दुसऱ्या हाताने खेचता येतं. अडतं ते सोडताना. क्लीटचे दात दोरीला ज्या दिशेने धरून ठेवतात, त्याच दिशेने शीड तिला खेचत असतं. ती सोडवायची तर आधी आणखी थोडी ओढायची, मग बाहेरच्या अंगाला उचलून दातांतून काढायची, आणि हव्या तेवढ्याच सेंटिमीटरवर पुन्हा दाबून बसवायची. ही तीन कामं एका हाताने, ओल्या बोटांनी, उडत्या पाण्यात. हा दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ आहे. तेवढ्यात शिडाची सारी चाल बदलते. पण दोरी दातांतून सुटली की दोन-तीनवर थांबत नाही, सगळी सरकते, शीड एकदम फुगतं आणि मागचा हात उपटला जातो. मोठ्या नौकेवर दोरी सोडायला वेगळा माणूस असतो, त्याच्यासाठी फिरकी असते, तिच्यावर दोरीचे वेढे असतात. बोर्डावर यातलं काहीच नाही, आणि क्लीट मात्र जणू तो माणूस बाजूला उभाच आहे अशा समजुतीने बसवलेलं असतं.

मंद वाऱ्यात याच्या उलट होतं. क्लीटमधून दोरी मोकळी करावी, तर शीड जागचं हलत नाही. आत येण्यासाठी त्याला ओढणारं काही नसतं, फक्त वाऱ्याचा दाब, आणि तोच कमी झालेला असतो. कप्प्यांतलं घर्षण त्या दाबाला पुरून उरतं. म्हणजे पोटाची गरज असते तेव्हाच पोट येत नाही. यावर उपाय आहे आणि तो जाणत्यांना माहीत आहे: शिडाचं टोक आत खेचणारी दुसरी दोरी, इनहॉल. बऱ्याच संचांत ती नसते. ती आपण आपली ओवायची. बाहेर ओढण्याची सोय देऊन आत ओढण्याची न देणं ही मला अर्धी विक्री वाटते, आणि किंमत मात्र पूर्ण घेतात.

स्वस्तातल्या संचात दोरी बूमच्या एकाच बाजूने पुढे येते. बूमला बाजू दोन असतात आणि माणूस दोन्ही बाजूंनी जातो. एका दिशेला जाताना क्लीट हाताशी, परतताना ते शिडाच्या पलीकडे. परतीच्या वाटेवर वारा वाढला तर मुकाट्याने सहन करत किनारा गाठायचा. दुसरी बाजू द्यायला आणखी एक क्लीट आणि थोडी दोरी पुरते.

दोरीच्या जाडीचंही तसंच. क्लीटच्या दातांना ठरावीक मर्यादेतली जाडी लागते. त्याहून बारीक झाली की सरकते, जाड झाली की आत बसतच नाही. नव्या दोरीवर गुळगुळीत लेप असतो म्हणून ती सुरुवातीला निसटते. जुनीचं वेष्टण दातांनी कुरतडलं जातं म्हणून ती शेवटी निसटते. मधला काळ चांगला जातो. क्लीटवर जाडीचा आकडा कोरायला काय हरकत आहे, मला कळत नाही. मोकळं राहिलेलं टोक फडफडत राहतं आणि हार्नेसच्या हुकात जाऊन गुंततं, ही गोष्ट मी गैरसोय म्हणून सांगत नाही. पडताना हुक दोरीत गुंतला तर माणूस शिडाखाली अडकतो. ते टोक आत ओढून ठेवणारी रबरी दोरी प्रत्येक संचात असलीच पाहिजे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. बूम काळं, क्लीट काळं, दोरीही पुष्कळदा काळी. त्या दोरीवर एकही खूण नसते. कालचा ताण आज परत आणायचा तर अंदाजाने. मी मार्करने रेघा मारतो, मिठाच्या पाण्यात त्या पुसल्या जातात, मी पुन्हा मारतो. दर दोन सेंटिमीटरवर एक रंगीत धागा विणलेली दोरी बनवणं कोणत्याही कारखान्याला अवघड नाही.

डोलकाठीच्या पायथ्याशी शीड खाली खेचणाऱ्या डाउनहॉलबद्दल मी मुद्दाम तक्रार करत नाही. आजच्या शिडांना तिथे इतका जोर लागतो की सहापट कप्प्या लावूनही किनाऱ्यावर पाय रोवून, पाठ मोडून ओढावं लागतं. ते काम चालत्या बोर्डावर होत नाही हे मला पटतं. पण म्हणूनच आउटहॉलची जबाबदारी वाढते. समुद्रावर शिडाचा आकार बदलायला दुसरं काही हाताशी उरत नाही.

आणि ते स्क्रू. क्लीट पोलादी स्क्रूंनी ॲल्युमिनियमच्या बूमवर बसवतात. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे. एका मोसमात स्क्रू असे धरतात की फिरवायला गेलं तर डोकंच तुटतं. क्लीटचे दात झिजले की खरं तर लहानसा भाग बदलायचा असतो, पण तो निघत नाही. मग आधी ड्रिल आणायचं, भोक पाडायचं, भोक मोठं झालं म्हणून जाड स्क्रू शोधायचा, आणि तेवढ्यात पावसाळा तोंडावर येतो, वाऱ्याचे दिवस संपतात. स्क्रू बसवतानाच मधे प्लास्टिकची चकती आणि चिमूटभर ग्रीस घातलं तर हे सगळं टळतं. त्या चकत्या संचाच्या पिशवीत टाकून द्याव्यात. बसवायच्या मी बसवीन.