एस्प्रेसो आणि आगंतुक एक्स

‘एस्प्रेसो’ हे इटालियन ‘एस्प्रिमेरे’ या क्रियापदाचे धातुसाधित. अर्थ : व्यक्त केलेले, स्पष्ट सांगितलेले. लॅटिनमध्ये मूळ धातू ‘दाबून बाहेर काढणे’ असा, आणि तिथे त्यात एक्स होता. इटालियनांनी तो गाळला. त्यांच्या २१ अक्षरी वर्णमालेत एक्स नाहीच. हॉटेलांच्या पाट्या रंगवणाऱ्यांनी तो जगभर पुन्हा बसवला. ‘एक्स्प्रेसो’ ही चूक त्यामुळे अडाण्याची मानली जाते. वास्तविक ती लॅटिन पंडिताची ठरावी.

इटलीत या शब्दाला कामे फार. स्पष्ट अटीला एस्प्रेसो म्हणतात, तातडीच्या टपालालाही म्हणत. त्यासाठी १९०३ मध्ये वेगळे तिकीट निघाले. ‘पियात्तो एस्प्रेसो’ म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितल्यावर रांधायला घेतलेला पदार्थ, त्यामुळे तो उशिरा येतो. एस्प्रेसो रेल्वेगाडी जलद असे, पण ‘रापिदो’ तिच्याही पुढे जाई.

कॉफीपाशी हे सगळे अर्थ एकदम गर्दी करतात : झटपट केलेली, गिऱ्हाइकापुरती केलेली, दाबून काढलेली. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये यंत्राचे पेटंट घेतले, पण त्यात वाफेचाच काय तो जोर. खरा दाब दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने आणला, तेव्हा कुठे कपावर तपकिरी साय धरली. म्हणजे बारसे आधी, बाळ मागाहून. आता सुमारे ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब आणि २५ सेकंद असा हिशेब सांगतात.

चुकीचे नशीबही देशागणिक बदलते. पोर्तुगीजमध्ये एक्सवालेच लेखन शुद्ध, फ्रेंच कोशांतही त्याला जागा आहे. महाराष्ट्रात लग्नाच्या मांडवात स्टीलचे यंत्र फुसफुसते. कपात साखर आणि इन्स्टंट पूड, वर वाफेने फेसाळलेले दूध, त्यावर चिमूटभर चॉकलेट पावडर, आणि पाटीवर ‘एक्स्प्रेसो’. या पेयात कॉफी कुठेच दाबली जात नाही. तेव्हा पाटीवरचे नाव वेगळे आहे हे प्रामाणिकच म्हणायचे.

शुद्धलेखनाचे पहारेकरी मात्र तिथेही खडू घेऊन उभे. त्यांनी रोममधल्या एखाद्या बारमध्ये अचूक उच्चारात ‘एस्प्रेसो’ मागावी. काउंटरवाला कप देईल आणि पाहुणा परदेशी आहे हेही ओळखेल. शेजारचे रोमकर नुसते ‘उन काफ्फे’ म्हणतात.