गावभागातले घर, बँकेची नोटीस आणि भडंगाची पुडी

घरकर्जाचा हप्ता चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दारात दवंडी पिटली जात नाही. शाहूपुरीच्या आत्यांनी परवा रात्री इंग्लंडमध्ये स्लावला फोन करून ‘सांगलीच्या घरावर जप्ती आली’ असे जे सांगितले, त्यात ‘सांगलीच्या घरावर’ एवढेच बरोबर होते. जप्ती आलेली नाही, नोटीस आली आहे. बाबांनी ती कुणालाही दाखवली नव्हती. आईने मात्र कागद जाड आणि स्वच्छ दिसला म्हणून ती पार्सलमधल्या भडंगाच्या पुडीला गुंडाळली, आणि इंग्लंडच्या कस्टममधून सहीसलामत सुटून ती योग्य हातांत पडली. कागदावर हळदीचा डाग आहे. ‘६० दिवसांच्या आत’ हे शब्द तेलाने पारदर्शक झाले असले तरी वाचता येतात. ‘फोनवर सगळे एकदम बोलता आणि मग कुणीतरी रडतं, त्यापेक्षा पुस्तकात असतं तसं ओळीनं लिहून पाठवा,’ अशी आईची सूचना असल्याने पुढचा मजकूर त्या पद्धतीचा आहे. जेवणे झाल्यावर नानाकाकांनी तो मोठ्याने वाचावा. बाबांनी मध्येच पाणी प्यायला उठू नये.

हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँक त्या खात्याला एनपीए म्हणते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) प्रमाणे ६० दिवसांची नोटीस निघते. या नोटिशीत नुसते थकलेले हप्ते मागितलेले नसतात. उरलेले सगळे कर्ज एकरकमी मागितलेले असते. आईचे बीपी ज्या आकड्याने वाढले तो हा आकडा. प्रत्यक्षात थकबाकी पूर्ण चुकती केली तर खाते पुन्हा नियमित होऊ शकते आणि पुढचे हप्ते पूर्वीसारखे चालू राहतात. इथे ‘पूर्ण’ या शब्दाला महत्त्व आहे. थकलेली सगळी मुद्दल आणि सगळे व्याज भरल्याखेरीज खाते एनपीएतून बाहेर काढायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. पेन्शन झाली की खिशात असेल तेवढे काउंटरवर भरून यायचे आणि घरी ‘बँकेचं बघितलंय मी’ म्हणायचे, या बाबांच्या पद्धतीने कर्ज थोडे कमी झाले, पण खाते जिथे होते तिथेच राहिले.

नोटिशीला लेखी उत्तर देता येते, आणि द्यावेच. असे उत्तर आले की बँकेने १५ दिवसांत आपली कारणे कळवली पाहिजेत. उत्तरात रडगाणे नको. पेन्शन किती, थकले का, थकबाकी कोण आणि कधी भरणार, एवढे पुरे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. साठ दिवस गप्प बसले तर मात्र बँक ताब्याची नोटीस दारावर लावते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापते. त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. बाबांना खरी धास्ती याचीच आहे, आणि बाबांना ती वाटली हे समजण्यासारखे आहे. गावभागात पेपर दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीचा वाचून झालेला असतो. पण नाव छापून येऊ नये म्हणून नोटीसच लपवणे हा ते छापून आणण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आजवरच्या थकबाकीत बँकेच्या व्याजाइतकाच वाटा अब्रूचा आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आणि लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळे पैसे खर्चासह भरून घर सोडवता येते. या गोष्टी आत्यांच्या फोनमध्ये आल्या नव्हत्या.

(येथे कपड्यांच्या मशीनने शीळ घातल्यामुळे लेखन थांबले होते.)

सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही, असे बाबांच्या कट्ट्यावर ठरले असल्याचे कळते. कट्टा मागे पडला आहे. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचा निकाल दिला. पतसंस्थांचा रस्ता वेगळा. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात, आणि तोही काही गुळगुळीत कागद नव्हे. एकूणच बँकांच्या बाबतीत बाबांचा अंदाज जपून घ्यावा. सातारला असताना त्यांचे खाते १९३६ सालच्या युनायटेड वेस्टर्नमध्ये होते. ती २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. सांगलीला आल्यावर त्यांनी १९१६ सालची सांगली बँक धरली. ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. बाबा पासबुक भरायला निघाले की बँकेचा मॅनेजर देव पाण्यात ठेवतो, हा नानाकाकांचा विनोद या निमित्ताने पुन्हा करू नये.

कर्ज कशासाठी झाले, हे धाकट्या बंड्याला अजून नीट माहीत नाही, म्हणून नोंदवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. पाणी ओसरल्यावर खालच्या खोल्यांची फरशी, वायरिंग आणि दारे नव्याने करावी लागली. कर्ज त्याचे आहे, बंड्याच्या मोटारसायकलचे नाही. मधल्या खोलीच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. तिथेच बाबांनी २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेघा ओढल्या. थोरल्याची दहावीतली उंची २०१९ च्या रेघेच्या वीतभर खाली येते. बँकेच्या मूल्यांकन अहवालात भिंतीचे वय, विटांचा प्रकार आणि चौरस फूट आहेत. रेघांना रकाना नाही. स्लावच्या घराला भिंती आहेत, पण भाड्याच्या करारानुसार त्यांवर पेन्सिल चालत नाही. चिंगीची उंची सध्या फ्रिजच्या दारावर, पुसता येणाऱ्या पेनाने मोजली जाते आणि फ्रिज पुसला की मुलगी पुन्हा शून्यापासून वाढू लागते.

नोटीस या प्रकाराला घाबरू नये हे सांगण्याचा अधिकार स्लावच्या कुटुंबाला टीव्हीच्या लायसन्समुळे मिळाला आहे. इंग्लंडमध्ये घरात कोणत्याही चॅनलचा चालू कार्यक्रम पाहायचा तर लायसन्स लागते. २०२५ मध्ये त्याचा दर वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाला, म्हणजे ढोबळमानाने वीस हजार रुपये. एवढ्यात सांगलीत नवा टीव्ही येतो आणि वर केबलवाल्याला चहा पाजता येतो. बीबीसी लावा, लावू नका. दुसऱ्याच कंपनीची मॅच थेट पाहिली तरी लायसन्स हवे. न काढता पकडले गेले तर १,००० पौंडांपर्यंत दंड. पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना ते फुकट असे. ऑगस्ट २०२० पासून ते पेन्शन क्रेडिट हा सरकारी आधार घेणाऱ्यांपुरतेच फुकट उरले. पूर्वी आपल्याकडे रेडिओचे लायसन्स पोस्टात काढावे लागे आणि आजोबा इन्स्पेक्टरच्या भीतीने मर्फीवर चादर टाकत, ही गोष्ट इथल्या शेजाऱ्यांना सांगितली असता ते हसले नाहीत.

टीव्ही न पाहणाऱ्या घरालाही ‘तुमच्या पत्त्यावर लायसन्स नाही’ अशी पत्रे येत राहतात. पहिले पत्र नम्र, पुढचे कमी नम्र, नंतरच्या पाकिटावर लाल अक्षरे. सूनबाईंनी पहिल्याच पत्राला त्याच संध्याकाळी उत्तर दिले आणि विषय मिटला. समोरच्या घरात एक विद्यार्थी ती पाकिटे दाराच्या फटीला वारा येऊ नये म्हणून लावतो. त्याच्याकडे अधिकारी येऊन गेला. कर्जाच्या बाबतीत याच देशात कनवाळूपणा थोडा अधिक दिसतो. जून २०२३ मध्ये बड्या कर्जदात्यांनी सरकारपुढे कबूल केले की पहिला हप्ता चुकल्यापासून १२ महिने कुणाचे घर सक्तीने घ्यायचे नाही. सरकार गरजू लोकांच्या घरकर्जाच्या व्याजाला हातभार लावते, पण एप्रिल २०१८ पासून तो हातभारसुद्धा कर्ज म्हणून मिळतो. इंग्रज माणूस मदत करतो आणि वहीत लिहून ठेवतो, हे आबा आजोबांचे मत इतक्या वर्षांनी सिद्ध झाले.

सांगलीत करायचे ते असे. थकबाकीचा खातेउतारा मागावा, त्यात दंडाची रक्कम वेगळी दाखवायला सांगावी. दंडाच्या आकारावर पुन्हा व्याज लावायचे नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. थकबाकी स्लावहून येईल. पुढच्या हप्त्यांसाठी मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो का, हे मॅनेजरना विचारावे. कर्जदाराचे वय आड येत असेल तर कमावता मुलगा सहकर्जदार होऊ शकतो. फ्लोटिंग दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड नाही, त्यामुळे जमेल तसे जादा भरता येते. वसुलीच्या माणसाने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. रात्री साडेनऊला ज्याने केला त्याला आईने ‘जेवलास का’ विचारले, हे कळले. यापुढे तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

पैशावर कर बसेल ही बाबांची सबब टिकत नाही. मुलाने आईवडिलांना दिलेल्या रकमेवर, ती कितीही असो, भारतात त्यांना प्राप्तिकर लागत नाही. ‘मुलांचे पैसे घ्यायचे नाहीत’ हा कायदा कोणत्या सालचा, हे बाबांनी कळवावे. दहावीनंतर सायकल घेण्यासाठी बाबांनी मोडलेल्या पोस्टाच्या सर्टिफिकेटांची यादी इकडे तयार आहे. वाद झाल्यास ती वाचली जाईल.

घर मुलाच्या नावावर करून टाका, हा आत्यांचा सल्ला. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असले, तरी स्थानिक अधिभार वेगळा पडतो आणि तारण घराला बँकेची संमती लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गरज नाही. घर आईबाबांच्या नावावर आहे ते बरे आहे. साठीपुढच्यांना राहत्या घरावर बँकेकडून दरमहा रक्कम देणारे रिव्हर्स मॉर्गेजही आहे. दोघांपैकी एक जण हयात आणि त्या घरात राहत असेपर्यंत ते फेडावे लागत नाही. पण आधीचा बोजा डोक्यावर असताना त्यात शिरण्याची घाई नको. ‘थांबा, बँक अर्ध्यावर तडजोड करते’ असे सांगणाऱ्या बागेतल्या गृहस्थांना कळवावे की एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्येच म्हटले आहे.

इतर चौकशांची उत्तरे. मिरजेच्या मावशी सतार शिकू लागल्या, ही बातमी आनंदाची. शेजाऱ्यांची प्रतिक्रिया कळवावी. बंड्याला दाखवलेले कराडचे स्थळ चांगले आहे, मात्र मुलीकडच्यांना घराच्या कर्जाबद्दल आधीच सांगावे. कंदी पेढे पोहोचले. त्यांतले किती उरले, हा प्रश्न विचारू नये. कोथिंबिरीची जुडी इथे मूठभर आणि बिनवासाची मिळते; पार्सलच्या खोक्यात तळाशी जी सुकी कडीपत्त्याची डहाळी निघाली, ती चिंगीने वहीत ठेवली आहे आणि सूनबाई ती मागत नाहीत.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्यानंतर सिटी सर्व्हे कार्यालयात अर्ज करून प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी करून घ्यावा, कारण तो आपोआप उतरत नाही. कागद अनारशांच्या डब्यात ठेवू नयेत. बँकेत जायचा दिवस मंगळवार ठरवला आहे. नानाकाका बरोबर जातील, बोलतील मात्र बाबा.