नव्वद टक्के पक्कं

राइस मिलवाला कलर सॉर्टर कधी घेतो, हे तिल्दा-नेवऱ्याचा कुठलाही हमाल सांगेल. ज्या वर्षी त्याचा लॉट गोदामावरून परत येतो, त्या वर्षी. सरकारचं धान भरडायचं आणि क्विंटलमागे अरवा म्हणजे कच्चा 67 किलो किंवा उसना म्हणजे उकडा 68 किलो तांदूळ जमा करायचा, हा इथला कस्टम मिलिंगचा धंदा. अरव्यात तुकडा 25 टक्क्यांपर्यंत चालतो, पण रंग बिघडलेला दाणा 3 टक्क्यांच्या वर गेला की ट्रक उलटा फिरतो आणि शेठजींना मशीनची आठवण होते. मशीन करतं एवढंच, की वरून तांदूळ घसरतो, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि नको तो दाणा हवेच्या फटक्याने बाहेर उडवतो. कंपनी कोणतीही असो, बाजारात नाव एकच, सॉर्टेक्स.

ते विकणारा मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातला. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरच्या गादीवर आले, तेव्हापासून मराठी माणूस छत्तीसगडात आहे. पण त्याने प्रामुख्याने वसुली केली. समोरच्याला काही विकायची पाळी आमच्यावर उशिरा आली आणि सराव नसल्याने ती अंगावर आली. हिशेब मात्र तेव्हाही नागपूरला जायचा आणि आताही दर सोमवारी नागपूरलाच जातो, फक्त व्हिडिओ कॉलवर. तिथे आमचे साहेब बसतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, त्यामुळे ते मला ‘दादा’ म्हणतात आणि आवाज ‘दादा’ म्हणतानाच सर्वांत थंड असतो.

कंपनीने सीआरएम, म्हणजे ग्राहकांची आणि सौद्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं ते याच साहेबांच्या काळात. या सॉफ्टवेअरचं सगळं शास्त्र एका गृहीतकावर उभं आहे, की सौदा पुढे सरकतो. ओळख, गरज, कोटेशन, घासाघीस, आणि शेवटी जिंकला किंवा हरला. दर टप्प्याला टक्के ठरलेले. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या सेल्सफोर्सच्या मूळ तक्त्यात ओळखीला 10 टक्के असतात, कोटेशन गेलं की 75 आणि घासाघीस सुरू झाली की 90. आमचं सॉफ्टवेअर दुसरं, पण टक्के त्याच वळणाचे. आता रायपुरात घासाघीस ओळखीच्या आधी सुरू होते. गेटवरून आत शिरताना शेठजी विचारतात, “कितना कम करोगे?” आपण कोण, कुठले, काय विकतो, हे नंतर. तक्त्याप्रमाणे मी पहिल्याच भेटीत 90 टक्क्यांवर.

आणि टक्क्यांचे पुढे रुपये होतात. 24 लाखांचं मशीन 75 टक्क्यांवर असेल तर सॉफ्टवेअर 18 लाख धरतं. 18 लाखांना कुणी पाऊण मशीन नेलेलं मी पाहिलं नाही. पण अशा आकड्यांची बेरीज महिनाअखेरीस पडद्यावर हिरव्या मनोऱ्यासारखी उभी राहते आणि माझा मनोरा तीन राज्यांत सर्वांत उंच होता. साहेबांनी एका सोमवारी सर्वांसमोर तो दाखवला. मी कॅमेऱ्यात जरा मान झुकवून हसलो, जसं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पहिलं बक्षीस घेताना हसतात.

मनोरा बांधायची माझी पद्धत सरळ होती. अभनपूर रस्त्याला एकाच घराच्या तीन मिल आहेत. एक थोरल्याच्या नावावर, दुसरी त्याच्या बायकोच्या आणि तिसरी पुतण्याच्या. मी तीन सौदे टाकले, तीन वेगळे ‘निर्णय घेणारे’ लिहिले आणि तिघांनाही 50 टक्के दिले. झाले 36 लाख. प्रत्यक्षात तिन्ही मिलांचा निर्णय अंगणात तख्तावर बसलेले दादाजी घेत आणि त्यांना तिघांत मिळून एकच मशीन हवं होतं, तेही पुढच्या वर्षी. शिवाय दर आठवड्याला काहीतरी ‘कृती’ नोंदवावी लागे, नाहीतर सौदा लाल होई. एका मिलवाल्याच्या नातवाच्या छठीला जेवून आलो ते ‘मीटिंग’ म्हणून गेलं. पुढचं पाऊल, असा एक रकाना होता. त्यात मी ‘बारसं’ लिहिणार होतो, पण बायकोने लॅपटॉप बंद केला.

त्या मिलांत मुनीमजी अजून लाल कापडाची बही ठेवतात. तिच्यात दिलं-घेतलं तेवढंच चढतं. ‘देणार आहे असं वाटतं’ याला तिच्यात खातंच नाही. मला तेव्हा ते मागासलेलं वाटायचं.

आता 2024 च्या सप्टेंबरकडे येतो. कंपनीची तिमाही 30 सप्टेंबरला संपते आणि त्या वर्षी 2 ऑक्टोबरला सर्वपित्री होती. म्हणजे तिमाहीचा शेवटचा पंधरवडा पूर्ण पितृपक्षात. या काळात इथला व्यापारी नवा झाडू घेत नाही. माझ्या यादीतले झाडून सगळे सौदे मात्र 28, 29 आणि 30 तारखेला ‘क्लोज’ होणार होते, कारण मीच तशा तारखा टाकल्या होत्या. साहेबांनी विचारलं, “दादा, या तारखा पक्क्या ना?” नागपूरलाही पितर असतात, पण त्यांनी ते मनात आणलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

मनोऱ्याच्या पायाला दोन मोठे दगड होते. तिल्दावाले आणि आरंगवाले. तिल्दावाल्यांकडे आमचंच जुनं मशीन होतं आणि ते नवं घेणार होते, 90 टक्के. आरंगवाल्यांचा लॉट आदल्या हंगामात परत आला होता आणि ते आयुष्यातलं पहिलं मशीन घेणार होते, 75 टक्के. आरंगवाल्यांचं म्हणणं एकच, “चलता हुआ देखेंगे, तब बात करेंगे.” मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना मला नेहमी गाडी चालवताना सुचतात, त्यामुळे त्यांच्याकडे नीट बघायला वेळ मिळत नाही. मी आरंगवाल्यांना माझ्याच गाडीत घालून तिल्द्याला नेलं. मशीन चालू, तांदूळ मोत्यासारखा, काळा दाणा टपाटप बाहेर. दोन्ही शेठजींची ओळख मी करून दिली. चहा आला, मग नाश्ता आला, मग ते दोघे दुरून सोयरे निघाले. मला वाटलं, आता तर झालंच. मी बाहेर येऊन, तुसाच्या ढिगाशी उभ्या-उभ्या, मोबाइलवरूनच आरंगवाल्यांना 90 केलं.

आत काय बोलणं चाललं होतं ते मला दसऱ्यानंतर कळलं. तिल्दावाल्यांनी जुनं मशीन आरंगवाल्यांना विकलं होतं. सोयरे म्हणून वाजवी भावात. आलेल्या पैशांत भर घालून त्यांनी स्वतःसाठी नवं घेतलं, ते दुसऱ्या कंपनीचं, कारण त्या कंपनीच्या माणसाने धनत्रयोदशीला मशीन उभं करून द्यायचं कबूल केलं होतं. मी फोन केला तर शेठजी मनापासून म्हणाले, “भैया, आप तो घर के आदमी हो. आप नहीं मिलवाते तो हमारा पुराना कौन लेता?”

त्या सोमवारी साहेबांनी दोन्ही सौद्यांवर कर्सर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, खराब दाणा ओळखणारं मशीन आपण विकतो. तुमच्या यादीला एक बसवून घ्या.”

हरलेला सौदा बंद करतानाही सॉफ्टवेअर सोडत नाही. कारण निवडा. किंमत, गुणवत्ता, ग्राहकाचं बजेट, प्रतिस्पर्धी. तिल्दावाल्यांना ‘प्रतिस्पर्धी’ बसलं. आरंगवाल्यांच्या वेळी मी अडलो. किंमत आमचीच, गुणवत्ता आमचीच, मशीनही आमचंच. शेवटी ‘प्रतिस्पर्धी’ निवडलं, तर पुढे त्याचं नाव विचारणारी चौकट उघडली आणि ती रिकामी ठेवता येत नव्हती. मी माझं नाव घातलं. सॉफ्टवेअरने ते निमूट घेतलं आणि तिमाहीच्या अहवालात मध्य विभागातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत मी तिसरा आलो.

14 नोव्हेंबरला धानखरेदी सुरू झाली आणि पुढे आठवडाभरात आरंगहून फोन. मशीनच्या नळ्यांतून हवा सुटत नव्हती, चांगला-वाईट सगळा दाणा एकाच पोत्यात पडत होता. “मशीन तो आपकी ही है न?” मी हो म्हटलं. गाडी काढण्याआधी लॅपटॉप उघडला आणि नवा सौदा टाकला. वार्षिक देखभाल करार, आरंग, रक्कम किरकोळ. टप्पा ओळख, तक्त्याप्रमाणे 10 टक्के. मग आठवलं, शेठजी फोन ठेवता ठेवता म्हणाले होते, “आने का कुछ कम लगाना.” म्हणजे घासाघीस सुरू झालीच होती.