नकली उपग्रहाच्या मालकांस

श्रीयुत जीपीएस-फसवे यांस,
सा. न. वि. वि.

पत्र उघड्यावर लिहावं लागतंय, कारण तुमचा पत्ता ठाऊक नाही. दिल्ली विमानतळाच्या आसपासचं तुमचं ठिकाण अंदाजानं कळलंय आणि वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला नेमकं शोधायला सांगितलंय, असं सरकारनं डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. खोट्या जीपीएस संदेशांनी विमानांना चुकीचा पत्ता देणाऱ्याचा स्वतःचा पत्ता लागू नये, हे तुमच्या लौकिकाला साजेसंच झालं.

कसब मात्र मानलं पाहिजे. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. तिथून आलेला संदेश खाली पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो आणि विमानं जो ऐकतात त्यावर सही-शिक्काही नसतो. तुम्ही त्याच भाषेत जरा मोठ्यानं बोललात, की रिसीव्हर मुकाट्यानं तुमच्यामागे येतो. आपलं ‘गगन’ जीपीएसची अचूकता वाढवतं खरं, पण उभं आहे त्याच पायावर.

दिल्लीत तुम्ही सावजही हेरून निवडलंत: धावपट्टी १० वर जीपीएसच्या भरवशावर उतरणारी विमानं. अशा वेळी कॉकपिटमध्ये काय काय होऊ शकतं, हे पाहायला तुम्ही थांबत नसाल, म्हणून सांगतो. पडद्यावरच्या नकाशात विमान भलतीकडेच जाऊन बसतं. घड्याळ मागेपुढे होतं. खाली सपाट मैदान असताना यंत्र ‘टेरेन! पुल अप!’ म्हणून कोकलायला लागतं आणि ते खरं की खोटं, हे वैमानिकाला काही सेकंदांत ठरवावं लागतं. भरीस भर, एडीएस-बी यंत्रणा तुम्ही पढवलेली जागाच कंट्रोलरला कळवू शकते. म्हणजे खोटं बोलायचं तुम्ही आणि साक्ष द्यायची विमानानं!

तुमचे भाऊबंदही काही कमी नाहीत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ नोंदी झाल्या.

पण दिल्लीत एक गोची झाली. धावपट्ट्यांच्या ज्या टोकांना जमिनीवरची जुनी साधनं चालू होती, तिथं तुमची डाळ शिजली नाही. उतरताना धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या आयएलएसचा संदेश धावपट्टीशेजारच्या अँटेनातून येतो, दिशा सांगणाऱ्या व्हीओआरचा जमिनीवरच्या केंद्रातून. उपग्रहाशी त्यांचं देणंघेणं नाही. रडारही विमानाला ‘तू कुठं आहेस’ विचारत बसत नाही, स्वतःच शोधतं. जगभर व्हीओआरची संख्या कमी करणं चालू आहे आणि त्यालाच आधुनिकीकरण म्हणतात. तुमच्या कृपेनं आमच्या सरकारनंही जुन्या साधनांचं किमान जाळं राखत असल्याचं संसदेत सांगितलं. जे आमच्या तज्ज्ञांना अहवाल लिहून पटवता आलं नसतं, ते तुम्ही बसल्या जागी पटवलंत. नवं यंत्र आणताना जुन्याची किल्ली फेकायची नसते, हा धडा फुकट दिलात. फी तेवढी प्रवाशांच्या जिवाची लावलीत.

शेवटी एकच विनंती. तुमच्या घरचं कुणी दिल्लीला उतरत असेल, त्या दिवशीही यंत्र असंच चालू ठेवा. एवढ्या मोठ्या कलावंतानं आपपरभाव करणं बरं दिसत नाही.

कळावे.

आपला,
सीटबेल्ट आवळून बसलेला एक प्रवासी