समविचारी सहकारी गृहरचना संस्था (नियोजित)

पुण्यात कुठल्याही व्याख्यानाला जा, दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हे गृहस्थ बसलेले असतात. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, शबनममध्ये फुगलेली फाइल. प्रश्नोत्तरांत ते प्रश्न विचारत नाहीत, निवेदन करतात. नंतर चहाच्या टेबलापाशी तुम्हाला गाठून, आवाज खाली आणून म्हणतात, "आपल्यासारख्यांनी एकत्र कुठंतरी राहायला हवं हो!" 'आपल्यासारख्यांनी' ऐकून आपणही सुखावतो आणि तिथंच फसतो. यांना आपण अप्पा म्हणू. असे अप्पा ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, न्यू जर्सीतही असतीलच.

अप्पांचं मत असं की, विचार करणारी माणसं विखुरली म्हणून समाजाचं वाटोळं झालं. ती एका आवारात आली की संध्याकाळी कट्ट्यावर चर्चा, सामायिक ग्रंथालय, सामायिक स्वयंपाकघर. स्वयंपाक कोण करणार, हा तपशील नंतरचा. आता अप्पा सध्या ज्या इमारतीत राहतात तिच्या वार्षिक सभेला ते कधीच जात नाहीत. "तिथं पार्किंग आणि गळती सोडून दुसरा विषय नसतो." खालच्या मजल्यावरचे जोशी की जोगळेकर, हेही त्यांना नक्की माहीत नाही. एकत्र राहणं त्यांना मान्य आहे, शेजारी मान्य नाहीत.

समविचारी ओळखायचे कसे? अप्पांनी प्रश्नावली काढली. देव मानता का? मानत असल्यास कितपत? मांसाहार, अणुऊर्जा, इंग्रजी माध्यम यांविषयी आपली भूमिका प्रत्येकी शंभर शब्दांत लिहा. उत्तरं तपासल्यावर अप्पांशी पूर्ण जुळणारे एकटे अप्पा निघाले. पुढे अणुऊर्जेबद्दल त्यांचं स्वतःचंच मत बदललं, तेव्हा तोही सभासद धोक्यात आला. अखेर अट शिथिल करून 'साधारण समविचारी' घ्यायचं ठरलं.

मग जागेचा शोध. पहिली वाई. कृष्णेचा घाट, विश्वकोशाचं कार्यालय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची कर्मभूमी. आठवडाभर वाई पक्की होती. मग कुणीतरी विचारलं, "रात्री दोनला छातीत दुखलं तर?" विश्वकोशाचे सगळे खंड एका बाजूला आणि हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. खंड हरले. पाचगणीजवळचं भिलार, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, पाहून झालं. तिथं अर्धे सभासद पुस्तकं चाळत बसले आणि अर्धे स्ट्रॉबेरीच्या मागे गेले, यावरूनच पहिली फूट पडली. दापोलीच्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी लागते. गोव्याला सगळ्यांनी इतक्या तत्परतेने हात वर केले की, कारण वैचारिक नसावं अशी शंका येऊन अप्पांनीच तो ठराव मागे घेतला.

अंतराची अडचण कुणी काढली की अप्पा कोसंबींना पुढे करतात. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात. अप्पा स्वतः वाहतुकीमुळे हिंजवडीत राहणाऱ्या मुलीकडे गणपतीलाच काय ते जातात.

पूर्वीचे दाखले त्यांच्या फाइलीत आहेत, पण ते अप्पांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास उभा राहिला. इमारतींना झपूर्झासारखी नावं, विंदा करंदीकरांसारखे रहिवासी. त्या आवारातून जगभर गाजलं कोण? कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा सचिन, तोही बॅट घेऊन. पाँडिचेरीजवळ १९६८ साली ऑरोविल वसवलं ते पन्नास हजार माणसांसाठी. अर्धशतक उलटलं तरी वस्ती पाच हजारांच्या आतच आहे. शिवाय एका गोल रस्त्यासाठी झाडं तोडायची की नाही यावरून मानवी ऐक्याच्या त्या नगरीत असं बिनसलं की प्रकरण हरित लवादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उलट गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात गेले ते एकटं राहायचं म्हणून. मागोमाग इतकी माणसं आली की आश्रमच झाला, आणि टपाल दुसऱ्या शेगावला जाऊ लागल्यावर गावाचं नाव सेवाग्राम करावं लागलं. हे सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले, "पण त्यांनी प्रश्नावली कुठं काढली होती?"

वहिनींचे निकष वेगळे. पाणी किती वाजता येतं, औषधाचं दुकान किती लांब, पोळ्यांना बाई मिळेल का. यातल्या एकाही प्रश्नाला फाइलीत उत्तर नव्हतं. "तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या, "मी चर्चेपुरती येत जाईन."

अखेर सासवडच्या पुढे चार एकर आवडली. तिथं कायदा आडवा आला. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळकायद्यातली ही अट. समविचारींत नऊ प्राध्यापक, चार बँकवाले, दोन माजी आकाशवाणी. सातबाऱ्यावर नाव एकाचंही नाही. बिगरशेती प्लॉटचा भाव ऐकून तिघांनी तिथल्या तिथे मतभेद जाहीर केले. सगळ्या गोतावळ्यात शेतकरी एकच, अप्पांचा मेव्हणा. हा सकाळी आधी राशिभविष्य वाचतो, दर श्रावणात सत्यनारायण घालतो आणि मत नेमकं अप्पांच्या विरोधी पक्षाला देतो. त्याला प्रश्नावली द्यावी का, यावर दोन बैठका झाल्या. पहिलीत 'मानद समविचारी' असं पद सुचलं, दुसरीत ते बहुमताने पडलं.

तोपर्यंत मेव्हण्याने जमीन स्वतःच घेऊन टाकली होती. कुंपण घातलं, बोअर मारली, चार खोल्या बांधल्या, आणि थंडीत हुरडा पार्ट्या सुरू केल्या. गेल्या जानेवारीत सगळे समविचारी माणशी ठरलेले पैसे भरून तिथं गेले. बाजेवर बसून, लसणीच्या चटणीबरोबर हुरडा खात, जागतिकीकरणावर तीन तास झकास चर्चा झाली. इतकी एकवाक्यता संस्थेच्या इतिहासात झाली नव्हती. हुरडा संपत आला तशी अप्पांची नजर समोरच्या टेकडीवर गेली. शबनममधून फाइल निघाली.

"ती फॉरेस्टची आहे, दाजी," मेव्हणा म्हणाला, आणि ताकाचे पेले मोजायला लागला.