मेजर, तुम्ही पश्चिमेलाच होता!

आमच्या गावात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून गेलेला आणि शिपाई म्हणूनच आलेला माणूस एसटीच्या टपावरून ट्रंक खाली उतरेपर्यंत मेजर झालेला असतो. जी बढती द्यायला लष्कराला अख्खी हयात पुरत नाही ती गाव एका कटिंग चहात देतं, आणि वर कागद मागत नाही. आमच्या शेजारचे मेजर १९६६ साली भरती झाले आणि १५ वर्षांची सर्व्हिस करून नाईकाच्या दोन फिती घेऊन पेन्शनीत आले. गावाच्या लेखी मेजर, सरकारच्या लेखी नाईक. या दोन नोंदींत आजवर कधी भांडण झालं नव्हतं.

भांडण लावलं नातवाने. शाळेत ‘माझे आजोबा’ या विषयावर काहीतरी चिकटवून न्यायचं होतं, म्हणून ट्रंक उघडली. डांबरगोळ्या, पितळी बक्कल, खाकी मफलर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. पोरगं इंग्रजी माध्यमातलं. त्याने पदकांचं पान वाचलं आणि विचारलं, “आजोबा, पश्चिमी स्टार म्हणजे?”

“एकाहत्तरला जो पश्चिमेला लढला, त्याला ते.”

“पण तुम्ही तर ब्रह्मपुत्रा ओलांडली म्हणता. ब्रह्मपुत्रा पूर्वेला आहे.”

मेजर गप्प झाले. त्या बुकातला नंबर आणि पेन्शनीचा आकडा सोडून ४० वर्षांत त्यांनी काही वाचलं नव्हतं. आपल्याच सरकारने आपल्याबद्दल लिहिलेलं पुस्तक, त्यात चूक कशाला शोधायची?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७१ची लढाई दोन आघाड्यांवर झाली, म्हणून तिचे तारेही दोन: पूर्वेला लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला लढलेल्यांना पश्चिमी स्टार. शिवाय संग्राम मेडल आहे, ते वेगळं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले, आणि त्या गर्दीत आमचे मेजर रायफल धरून पहाऱ्यावर उभे होते. निदान त्यांना तसं आठवतं. कागदाला आठवतं की ते त्या दिवशी तिथून दोन हजार किलोमीटरवर, वाळवंटात किंवा पंजाबात कुठेतरी होते.

पहिला अर्ज मीच लिहून दिला. मी निवृत्त मास्तर, गावात अर्ज लिहायला दुसरं कोण? बेळगाव, खडकी, नाशिक रोड अशी रेकॉर्ड ऑफिसं आपल्याला माहीत असतात. मेजरांचं कुठलं ते मुद्दामच लिहीत नाही, कारण त्यांचं काम अजून तिथे अडकलेलं आहे. सात महिन्यांनी उत्तर आलं. पत्र इंग्रजीत होतं. जवानाच्या सोयीसाठी सोबत हिंदी प्रत जोडली होती, ती इंग्रजीपेक्षा अवघड होती. दोन्ही समोर ठेवून अर्थ लावला तो असा. अर्जदाराची पलटण लढाईच्या काळात पूर्वेला होती, हे मान्य. अर्जदार त्या काळात पलटणीच्या नफरीवर होता, हेही मान्य. परंतु अर्जदार पूर्वेला असल्याची नोंद नाही, पश्चिमेला असल्याची आहे. सबब विनंती अमान्य.

म्हणजे अख्खी पलटण ब्रह्मपुत्रेत उतरली असताना एकटे मेजर रेशन बांधून पाकिस्तानच्या दुसऱ्या बाजूवर चालून गेले होते. एवढा पराक्रम केल्यावर खरं तर परमवीर चक्रच द्यायला हवं होतं, पण मी ते अर्जात घातलं नाही. सरकारी पत्रव्यवहारात विनोद केला की त्याचीही वेगळी फाइल उघडते.

घोळ कुठे झाला ते मेजरांनीच शोधलं. एका कंपनीत अर्धा डझन शिंदे आणि अर्धा डझन पवार असले की फौजेत नावाने हाक मारून भागत नाही, नंबरचे शेवटचे दोन आकडे जोडावे लागतात. मेजर होते ‘एक्केचाळीस’. भरतीच्या रांगेत त्यांच्या पुढे जो पोरगा उभा होता त्याचं आडनाव तेच, पाळण्यातलं नावही तेच, बापाचं नाव तेवढं वेगळं. तो झाला ‘चौदा’. ट्रेनिंगमध्ये दोघांची चारपाई शेजारी. मग पोस्टिंगा निघाल्या, एक्केचाळीस एका पलटणीत गेला आणि चौदा दुसऱ्या. चौदाची पलटण एकाहत्तरला पश्चिमेला होती. पुढे कुठल्याशा क्लार्कने रात्री कंदिलाच्या उजेडात पार्ट टू ऑर्डर टाइप करताना चारचा एक आणि एकाचा चार केला. बस्स, एवढंच. पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय हे फौजेबाहेरच्यांना कसं सांगू? जवानाचं लग्न झालं, पोर झालं, जखम झाली, बढती मिळाली, तर ती घरी झालेली नसते, पार्ट टू ऑर्डर निघते तेव्हा झालेली असते. मेजरांचं थोरलं पोरगं ऑर्डरीच्या हिशेबाने जन्माआधी चालायला लागलं होतं.

आम्ही दुसरा अर्ज केला. चौदाचे कागद काढा, म्हणजे आकड्यांची अदलाबदल उघडी पडेल. उत्तर आलं. चौदा हे पेन्शनीविना घरी गेलेले जवान. ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. नियमाप्रमाणे ती नष्ट झाली आहेत. चूक मात्र पेन्शनवाल्याच्या कागदात असल्यामुळे ती शाबूत आहे.

या बाबतीत अमेरिका आपल्यामागे आहे असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तिथे सेंट लुईस शहरात माजी सैनिकांच्या कागदांचं मोठं कोठार आहे. १२ जुलै १९७३ला त्याच्या वरच्या मजल्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून १९६०च्या सुरुवातीपर्यंत घरी गेलेल्या भूदलाच्या जवानांपैकी शंभरात ऐंशींचे कागद त्यात होते. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही. आग विझवायच्या पाण्यात भिजलेले गठ्ठे त्यांनी विमानाच्या कारखान्यातल्या निर्वात कोठीत नेऊन सुकवले, आणि जे जळलं ते पगारपत्रकं, दवाखान्याच्या नोंदी असल्या तुकड्यांवरून पुन्हा उभं करत ते आजतागायत बसले आहेत. आता पाहा, कागद नाहीसे करायला त्यांना आग लागली. आपल्याकडे नियम पुरतो. आणि जिथे नियम पोचत नाही तिथे वाळवी ही खात्याची सर्वांत नियमित कर्मचारी, सुटीच्या दिवशीही हजर.

तिसऱ्या अर्जापर्यंत पेन्शनीचं काम संगणकावर गेलं होतं आणि संगणकाने नवाच प्रश्न काढला. एकाहत्तरचं राहू द्या, अर्जदार कोण आहे? मेजरांच्या नावापुढे ‘राव’ आहे. आधारकार्डावर आहे, सातबाऱ्यावर आहे, लग्नपत्रिकेवर तर ‘श्रीमान’ही आहे. भरतीच्या क्लार्कने ‘राव’ गाळला आणि वाचलेल्या जागेत आडनावात एक जादा ‘एच’ घातला. जन्मतारखेचं विचारूच नका. आमच्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राला शाळेच्या मास्तरांनी १ जून या एकाच मुहूर्तावर जन्माला घातलेलं आहे. मीही त्या पापाचा धनी आहे. मेजर शाळेत १ जूनला जन्मले, फौजेत १ जानेवारीला, आणि त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे नागपंचमीला.

मेजरांच्या बायकोचं, काकूंचं, त्याहून कठीण. लग्नात आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. ते नाव ५५ वर्षं सगळ्या भावकीने मानलं. फौजेत मात्र सासऱ्यांच्या पत्रावरून माहेरचं नाव गेलं. संगणक म्हणतो, या दोन बायका आहेत. मेजर हयात आहेत तोवर चालेल, पण फॅमिली पेन्शनीच्या वेळी यांतली खरी कोण ते ठरवावं लागेल. काकू म्हणाल्या, “दोघींना द्या म्हणावं निम्मी निम्मी.”

मला अशा वेळी सावित्रीबाई खानोलकर आठवतात. परमवीर चक्र कसं दिसावं हे ज्यांनी ठरवलं त्या या बाई. जन्म १९१३चा, स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचा, माहेरचं नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या सावित्री झाल्या, नऊवारी नेसल्या, संस्कृत शिकल्या, आणि देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकावर इंद्राचं वज्र कोरून गेल्या. १९५२ साली मेजर जनरल खानोलकर वारले. तेव्हा संगणक नव्हता हे सावित्रीबाईंचं भाग्य. आज त्यांनी पोर्टलवर अर्ज भरला असता तर लाल अक्षरांत उत्तर आलं असतं की ईव्ह आणि सावित्री यांचा मेळ बसत नाही, कृपया जवळच्या सुविधा केंद्राशी संपर्क साधा.

नाव दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक स्थानिक, एक इंग्रजी. कुठल्याही वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर, बोअरवेल आणि विवाहमंडळ यांच्या मधल्या चौकोनात, असली जाहिरात रोज असते. तिचा मजकूरही ठरलेला: ‘मी माझे नाव बदलले आहे.’

मेजर इथे अडले. “मास्तर, मी कुठं बदललं? त्यानं बदललं.”

“लिहायचं तसंच असतं.”

“म्हणजे चूक क्लार्कची, आणि मी केली म्हणून शपथेवर मी लिहून द्यायचं? ते पण पैसं भरून?”

मी म्हटलं, होय. नोटरीपुढे त्यांनी सही केली तेव्हा त्यांचा हात जरा थरथरला. एकाहत्तरात थरथरला नव्हता असं ते सांगतात, पण त्याची नोंद नाही.

मेजरांचा मुलगा म्हणाला, सशस्त्र दलांचं न्यायाधिकरण आहे, २००९पासून आहे, मुंबईत खंडपीठ आहे, तिथे जाऊ. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला ही माहिती असते. मेजर त्याच्यावर एवढे कडाडले की कोंबड्या आडोशाला पळाल्या. “आपल्याच पलटणीवर केस?” विषय संपला. मग माहितीचा अधिकार, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवस, वगैरे. ते सगळं इथे सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना पाठ आहे, ज्यांनी नाही केलं त्यांचा विश्वास बसणार नाही.

आणि गेल्या दिवाळीत पत्र आलं. पूर्वी स्टार मंजूर! मेजरांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. पेढे वाटून झाल्यावर मी खालचा मजकूर वाचला. ‘तत्पूर्वी, चुकीने नोंदवलेला पश्चिमी स्टार मूळ स्वरूपात या कार्यालयाकडे परत करावा.’

पंचाईत अशी की पश्चिमी स्टार मेजरांना मिळालाच नव्हता. बुकात लिहिलेला होता, हातात आला नव्हता. हातात कुठलंच पदक आलं नव्हतं. मागाहून पाठवू, असं डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं, आणि मेजर आज्ञाधारक, ते वाट पाहत होते. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, पदक नसेल तर हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणा. मेजर म्हणाले, “सोल्जर मेडल हरवत नाय. तसं मी लिहून देणार नाय. एकदा खोटं लिवलं, नावाचं. दुसऱ्यांदा नाय.”

शेवटी आम्ही पुण्याला कॅम्पात गेलो. तिथे गणवेश शिवणारी जुनी दुकानं आहेत. काचेच्या कपाटात पदकं अशी मांडलेली, जशा बाजारात बांगड्या. दुकानदाराने विचारलं, “कुठलं देऊ?” बस्स. नंबर नाही, पार्ट टू नाही, प्रतिज्ञापत्र नाही. पूर्वी हवं तर पूर्वी, पश्चिमी हवं तर पश्चिमी, दोन्ही घेतलीत तर फीत फुकट. स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या लढाया त्याच्याकडे तयार होत्या, साइझप्रमाणे.

आम्ही एक पश्चिमी स्टार घेतला, सरकारला परत करण्यासाठी.

“नंबर कोरायचा ना? असली मेडलवर असतो. कुठला टाकू?” दुकानदाराने वही पुढे केली.

मेजर बराच वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चौदाचा टाका. मेडल त्याचं हाय.”

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण माझं लक्ष दुकानदाराच्या वहीकडे होतं, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटलं नाही. पदक रजिस्टर पोस्टाने रवाना झालं.

मागच्या सोमवारी उत्तर आलं. आपण परत पाठवलेले पदक प्राप्त झाले. तपासणीअंती असे आढळले की, त्यावरील नंबर या कार्यालयाच्या नोंदीनुसार अन्य जवानाचा असून, सदर जवान पश्चिम आघाडीवर कार्यरत होता. त्याचे पदक आपल्या ताब्यात कसे आले, याचा लेखी खुलासा १५ दिवसांत करावा. तोपर्यंत पूर्वी स्टारबाबतची कार्यवाही स्थगित.

मेजरांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं, आता हे खचणार. पण ते उठले, टोपी घातली आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

“मास्तर,” ते म्हणाले, “कागद जाळलं होतं ना? बघा, चौदा सापडला.”