स्वीकारराव

आमच्या सोसायटीत हे गृहस्थ या नावाने ओळखले जातात ते गेल्या दिवाळीपासून. त्याआधी बँकेच्या मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की त्यांच्या छातीत धडधड व्हायची, तळहाताला घाम फुटायचा. ईसीजी स्वच्छ निघाला, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाईंची पद्धत 'ॲक्ट' नावाची. भीतीला हाकलत बसू नका, ती असू द्या आणि तिच्यासकट जे करायचं ते करा, हे तिचं सार. ती उभी केली स्टीव्हन हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. १९७८ साली विभागाच्या बैठकीत खुद्द त्याचीच वाचा बसली होती. हे कळल्यापासून स्वीकाररावांना हेज आपला मावसभाऊ वाटतो.

पद्धत शहाणपणाची, यात वाद नाही. पण अर्धीच घेतली तर आळसाला फार सोयीची पडते. स्वीकाररावांनी 'असू द्या' तेवढं उचललं. गणपतीची वर्गणी मागायला गेलो तर म्हणाले, "द्यावीशी वाटत नाही, ही भावना मी स्वीकारली आहे." पलंगावरचा ओला टॉवेलही त्यांनी स्वीकारला. आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची स्कूटर दिसली की मात्र अख्खी बिल्डिंग गोळा होते.

बाईंनी व्यायामही दिले होते. पहिला असा: मनात 'मी नालायक आहे' आलं, तर 'मी नालायक आहे असा विचार मला येतोय' असं म्हणायचं. मग विचारात आणि आपल्यात वीतभर अंतर पडतं. चहाच्या वेळी त्यांनी हे मोठ्याने करून पाहिलं. वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मलाही येतो हो अधूनमधून."

दुसरा व्यायाम टिचनर या मानसशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलेला. एकच शब्द अर्धं-पाऊण मिनिट भराभर म्हणत राहायचं. अर्थ गळून जातो, नुसता आवाज उरतो. पुढे मनाला टोचणारे शब्दही असेच बोथट करायचे. सरावाला शब्द नेहमीचा, 'दूध'. वहिनी "जरा गॅसकडे बघा" म्हणून खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. स्वीकारराव पातेल्यासमोरच उभे राहिले. दूधदूधदूधदूध. डोळे मिटलेले. साय फुगली, काठावर क्षणभर थबकली आणि बर्नरच्या भोकांत उतरली.

"अर्थ गेला!" दारात आलेल्या वहिनींना ते आनंदाने म्हणाले.

"दूधही गेलं."

बाईंच्या कानावर हे गेलंच. स्वीकार म्हणजे हातपाय गाळणं नव्हे, असं त्यांनी बजावलं आणि विचारलं, तुम्हाला मोलाचं काय वाटतं? त्यासाठी या आठवड्यात एक छोटं पाऊल कोणतं? स्वीकारराव चार दिवस घुश्शात होते. मग कागदावर लिहिलं: 'सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर बोलणे.'

सभेत ते खरोखरच उभे राहिले. कागद थरथरत होता, पहिल्याच वाक्याला आवाज चिरकला. आता बसतात, असं सगळ्यांना वाटलं. "धडधडतंय, पण बोलतो," म्हणाले, आणि गळती, कंत्राटदार, तीन कोटेशनं, सगळं बोलले. टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी चष्मा नाकावर ओढून त्यांच्या सात महिन्यांच्या मेंटेनन्सच्या थकबाकीचा विषय काढला.

"स्वीकारतो," स्वीकारराव म्हणाले.

"आम्ही चेक स्वीकारतो," सेक्रेटरी म्हणाले.